यंत्र जव्हारला नको, नमुना मुंबईला जाऊ द्या

उपाशी मुलाचे यकृत आतून कसे बिघडते, हे प्रयोगशाळेतला चुंबक सांगू शकतो. पण त्याला विचारायचा प्रश्न जव्हार-मोखाड्यातून निघायला हवा.

जव्हार किंवा मोखाड्याच्या अंगणवाडीत मुलाची तपासणी होते तेव्हा तीन गोष्टी मोजल्या जातात. वजन, उंची आणि दंडाचा घेर. दंडाची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेली की मूल ‘सॅम’ म्हणजे तीव्र कुपोषित ठरते. पट्टी स्वस्त आहे, वापरायला सोपी आहे आणि तिने असंख्य मुले वेळेवर हेरली आहेत. तिला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. मात्र पट्टी दंड मोजते. त्याच मुलाच्या बरगडीखाली उजव्या बाजूला असलेल्या यकृतात काय चालले आहे, याची दखल त्या तक्त्यात कुठेच नाही.

या दोन तालुक्यांचा इतिहास वाचकांना नव्याने सांगायला नको. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि दोनच वर्षांनी, २०१६मध्ये, मोखाड्यातल्या बालमृत्यूंमुळे मंत्र्यांच्या गाड्या पुन्हा घाट चढून आल्या. मधल्या काळात योजना आल्या. पोषण पुनर्वसन केंद्रे, ग्राम बालविकास केंद्रे, नोव्हेंबर २०१५पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना. त्यांचा उपयोग झाला. तरीही एक प्रश्न जागच्या जागी राहिला. सारखेच वजन असलेल्या दोन मुलांपैकी एक आहार सुरू होताच तरारते आणि दुसरे हातातून निसटते, ते का?

कुपोषित मूल दगावते तेव्हा निमित्त बहुधा न्यूमोनिया, जुलाब किंवा रक्तातली साखर एकाएकी उतरणे असे असते. यातले शेवटचे निमित्त थेट यकृताशी जोडलेले आहे. जेवण आणि पुढचे जेवण यांच्या मधल्या तासांत रक्तातली साखर यकृत सांभाळते. धडधाकट प्रौढाच्या यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण १०० ग्रॅम साखरेचा साठा असतो आणि तो संपत आला की यकृत इतर पदार्थांपासून नवी साखर बनवते. तीव्र कुपोषित मुलाकडे साठाही नसतो आणि बनवायला कच्चा मालही नसतो. म्हणूनच अशा मुलाला रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी भरवावे लागते आणि रक्तातली साखर ५४ मिलिग्रॅमच्या खाली गेली की धोक्याची घंटा मानतात. पोषण पुनर्वसन केंद्रातल्या परिचारिकेला हे पाठ असते. यकृताचे नाव न घेता ती रात्रभर यकृताचेच काम करत असते.

उपाशी यकृतात चरबी कुठून?

यकृतात चरबी साठणे म्हणजे जास्त खाण्याचा आजार, हा शहरी समज अर्धाच खरा आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरने १९३३मध्ये आजच्या घानामधून एका बालरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पाय सुजलेले, पोट पुढे आलेले, कातडी सोललेली मुले. तिथल्या गा भाषेत या आजाराला ‘क्वाशिऑरकोर’ म्हणत. धाकटे जन्मल्यामुळे अंगावरून तुटलेल्या थोरल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. आईबापांनी कारण डॉक्टरांच्या आधी ओळखले होते. या मुलांचे यकृत चरबीने भरलेले असते. जॉन वॉटरलो यांनी वेस्ट इंडिजमधल्या अशा अर्भकांच्या यकृतावर १९४८मध्ये सविस्तर अहवाल लिहिला.

याचे जुने स्पष्टीकरण सोपे आहे. यकृतातली चरबी बाहेर पाठवायची तर ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तात सोडावी लागते. आहारात प्रथिनेच नसतील तर वेष्टन कुठून आणायचे? माल तयार आहे पण भरायला पोती नाहीत, अशी ती अवस्था. अलीकडे मात्र एवढ्यावर भागत नाही असे दिसू लागले. कमी प्रथिनांच्या आहारावर वाढवलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पिलांवरचा एक अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. पेशींमध्ये चरबी जाळणाऱ्या भट्ट्या, म्हणजे मायटोकाँड्रिया आणि पेरॉक्सिसोम, याच बिघडल्याचे त्यात आढळले. चरबी साठत होती आणि त्याच वेळी पेशीचे ऊर्जेचे चलन, एटीपी, घटत होते. गोदाम भरलेले आणि चूल थंड.

जव्हारसाठी याचा अर्थ काय? इथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे सुजेचे कुपोषण कमी आणि रोडपणाचे जास्त दिसते. त्यामुळे आफ्रिकेतले निष्कर्ष जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत. नागली, वरई आणि भातावर वाढलेल्या, पावसाळ्यात जुलाबाने आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवरच्या स्थलांतराने खंगलेल्या मुलाचे यकृत कसे वागते, हे त्याच मुलांकडून शिकावे लागेल. प्रयोगशाळेतला चुंबक उपयोगी पडतो तो इथे.

चुंबक नेमके काय ऐकतो?

एमआरआय आता तालुक्यातल्या रुग्णालाही ऐकून माहीत आहे. एमआर स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजेच एनएमआर, ही त्याची थोरली बहीण. १९४५-४६च्या सुमारास फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे हा परिणाम दाखवला आणि १९५२चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवले. तत्त्व असे: हायड्रोजनसारख्या अणूंचे केंद्रक इवल्याशा चुंबकासारखे वागते. ते प्रखर चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओलहरींचा धक्का दिला की ते ठरावीक वारंवारतेवर प्रतिसाद देते. प्रयोगशाळेतल्या ६०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात १४.१ टेस्लाचे क्षेत्र असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत ते सुमारे तीन लाख पट.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक हायड्रोजन अणू अगदी त्याच वारंवारतेवर बोलत नाही. त्याच्या शेजारी कोणते अणू आहेत यावरून त्याचा सूर किंचित सरकतो. रेडिओची पट्टी हळूहळू फिरवावी आणि एकेक केंद्र लागत जावे, तसे एकाच नमुन्यातून शेकडो सूर वेगवेगळे ऐकू येतात. कागदावर ते शिखरांसारखे उमटतात. शिखर कुठे आहे यावरून रेणू ओळखता येतो आणि शिखराखालचे क्षेत्रफळ किती आहे यावरून त्याचे प्रमाण. नमुना जाळावा, आटवावा, वेगळा करावा लागत नाही. अर्धा मिलिलिटर रक्तद्रव किंवा लघवी काचेच्या बारीक नळीत घालायची आणि काही मिनिटांत एक वर्णपट हातात येतो.

हा सूर सरकतो, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवणाऱ्या प्रसिद्ध वर्णपटात एक भारतीय नाव आहे. १९५१मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी एका साध्या द्रवाचा वर्णपट घेतला आणि एकाऐवजी तीन शिखरे उमटली. एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईत टीआयएफआरला म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९५०च्या दशकात त्यांनी तिथे या विषयाची घडी बसवली. आज याच संस्थेच्या कुलाब्याच्या आवारात उच्च क्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे. आणि तो साधा द्रव कोणता होता? एथिल अल्कोहोल. यकृताच्या चर्चेत हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

जव्हारपासून कुलाबा दीडशे किलोमीटरच्या आसपास. अंतर एवढेच.

यकृताबद्दल काय कळते?

बरेच काही. सिऱ्हॉसिसमध्ये, म्हणजे यकृत आक्रसून निबर होते तेव्हा, रक्तातल्या अमिनो आम्लांचा तोल बिघडतो. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही घटतात. टायरोसिन आणि फिनाइलअलानिन ही वाढतात. एनएमआरच्या एकाच वर्णपटात ही सगळी शेजारी-शेजारी दिसतात. शिवाय लॅक्टेट, ग्लुकोज, उपासमारीत वाढणारे कीटोन आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या कामाची साक्ष देणारे हिप्युरेटसारखे लघवीतले पदार्थही दिसतात. बायोप्सीचा कणभर तुकडा विशिष्ट कोनात गरागरा फिरवून त्याचाही वर्णपट घेता येतो. पित्ताचा अभ्यास करायचा तर लखनौच्या संशोधकांनी या तंत्राने पित्तातल्या आम्लांवर आणि मेदावर बरेच काम केलेले आहे.

थेट जिवंत माणसाच्या यकृतावरही हे करता येते. फॉस्फरसचा सूर ऐकला तर एटीपी मोजता येते, तसेच पेशींची आवरणे बांधण्याचे सामान आणि त्यांची मोडतोड यांतला तोलही. सिऱ्हॉसिसमध्ये पहिले वाढते आणि दुसरे घटते. कार्बनचा सूर ऐकून यकृतातले ग्लायकोजेन सुई न टोचता मोजण्याचे काम अमेरिकेत १९९१पर्यंत झाले होते. उपाशी माणसाचा साठा तासागणिक कसा उतरतो, हे त्यातून कळले. यकृतातल्या चरबीची आज सर्वत्र उद्धृत होणारी एक मर्यादा, ५.५६ टक्के, ही अमेरिकेतल्या डॅलस शहरातील मोठ्या पाहणीत हायड्रोजनच्या याच तंत्राने ठरली.

कुपोषणाशी याचा थेट संबंध जोडणारे काम मलावी देशातले आहे. तिथे ३१७ जुळ्यांच्या जोड्यांवर बाळपणी पहिली तीन वर्षे लक्ष ठेवले गेले. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या जुळ्यांपैकी एकाला क्वाशिऑरकोर होतो आणि दुसऱ्याला नाही, याचे कोडे सोडवायचे होते. आतड्यातले जिवाणू वेगळे असल्याचे दिसले. ते जिवाणू प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये सोडल्यावर त्यांच्या चयापचयात काय बदलते, हे पाहण्यासाठी संशोधकांनी लघवीच्या एनएमआरचाही आधार घेतला. हे काम २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. जव्हारच्या दोन सारख्या वजनाच्या मुलांचा वर विचारलेला प्रश्न आणि मलावीच्या जुळ्यांचा प्रश्न यांत फारसे अंतर नाही.

पण यंत्राने सगळे कळते असे नाही. पुण्याचे उदाहरण याच्या अगदी उलट बाजूचे आहे आणि ते महाराष्ट्राने विसरता कामा नये.

पितळेच्या भांड्याचा धडा

विसाव्या शतकात भारतात लहान मुलांचा एक भयंकर आजार होता. इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस. साधारण सहा महिने ते पाच वर्षे वयाचे, खात्यापित्या घरचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत हाताला टणक लागे, कावीळ होई आणि काही महिन्यांत मूल जाई. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुले जात. कुणी आनुवंशिक दोष म्हटले, कुणी विषाणू, कुणी नशीब.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत १९८०च्या दशकात याचा पाठपुरावा केला. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले असते, हे प्रयोगशाळा सांगत होती. पण ते येते कुठून? उत्तर स्वयंपाकघरात होते. ज्या घरांत बाळाला फार लवकर गाई-म्हशीचे दूध सुरू केले जाई आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले आणि ठेवले जाई, तिथे हा आजार होता. पाण्यापेक्षा दूध तांबे जास्त ओढून घेते, कारण दुधातले केसीन त्याला धरून ठेवते. आईच्या दुधात तांबे नगण्य असते. भांड्याला कल्हई असेल तर धोका घटतो. पण कल्हईवाला येणे थांबले आणि भांडे मात्र तेच राहिले, की बाळाच्या प्रत्येक वाटीबरोबर थोडे थोडे तांबे पोटात जाणार.

या विषयावरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध १९८३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यानंतर आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची जोडीने तुलना झाली. भांडी बदला, बाळाला अंगावरचे पाजा, असे सांगितले गेले. स्टेनलेस स्टीलनेही घरोघरी हेच काम न सांगता केले. शरीरातले तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलॅमाइनने, वेळेवर सुरू झाले तर, काही मुले वाचू लागली. एके काळी बालरोग विभागांत नेहमी दिसणारा हा आजार आज दुर्मीळ झाला आहे. तांबे हे एकमेव कारण होते का, यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले. तरी ऑस्ट्रियातल्या टायरॉल भागातून १९९६मध्ये आलेली माहिती बोलकी आहे. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळे अशाच आजाराने गेली होती. दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापत असे. भांडी बदलली आणि आजार थांबला.

(जाता जाता: सध्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची हौस पुन्हा आली आहे. मोठ्यांनी तांब्याच्या बाटलीतून पाणी पिणे हा वेगळा विषय. पण बाळाचे दूध कल्हई नसलेल्या पितळेत कधीही तापवू नये.)

या गोष्टीत चुंबकीय स्पेक्ट्रोस्कोपीचे काम किती? शून्य. तांबे त्या वर्णपटात शिखर म्हणून उमटतच नाही. जगातले सर्वांत महाग यंत्र पुण्यात आणून बसवले असते, तरी त्याने ‘भांडे कोणते?’ हा प्रश्न विचारला नसता. तो डॉक्टरांनी आयांना विचारला. तरीही यकृतातले तांबे मोजणारी प्रयोगशाळा नसती, तर भांड्याकडे बोट दाखवायला पुरावा नसता. दोन्ही टोके एकत्र आली म्हणून आजार हटला. जव्हारच्या बाबतीत आजवर एकच टोक दिसते आहे. प्रश्न विचारणारे पुष्कळ, यकृताच्या आत पाहणारे कुणी नाही.

सगळे दारूवर ढकलायची सवय

आदिवासी माणसाचे पोट पाण्याने फुगले, डोळे पिवळे झाले, की पहिला शब्द येतो तो दारू. मोहाच्या दारूने यकृत जात नाही असे नाही. जाते. ज्या घरातला कर्ता त्यात गेला त्या घराला ते सांगायला नको. पण निदान करण्याआधीच निकाल लावण्याची ही सवय महागात पडणारी आहे.

१९७४च्या उत्तरार्धात राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली. शेकडो आजारी, शंभरहून अधिक मृत्यू. शोध घेतल्यावर कारण सापडले ते अवेळी पावसात भिजलेल्या मक्यावरच्या बुरशीत. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते. तोच मका खाणारी कुत्रीही मेली होती. कुत्री दारू पीत नाहीत.

दुसरे उदाहरण पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या ग्रामीण पाहणीत दारूशी संबंध नसलेले चरबीयुक्त यकृत ८.७ टक्के लोकांत आढळले. त्यांतले बहुसंख्य लठ्ठ नव्हतेच. निम्म्याहून अधिकांचे वजनही जास्त नव्हते आणि पोटही सुटलेले नव्हते. पुण्याच्या केईएमचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षे ‘बारीक पण चरबीदार’ भारतीयाबद्दल सांगत आले आहेत. २००४मध्ये त्यांनी आपला आणि इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आईच्या पोटात असताना उपासमार सोसलेले बाळ पुढे चरबी साठवण्याकडे झुकते, हे त्यांच्या पुण्याजवळच्या गावांतल्या कामाचे सूत्र आहे.

आता हेच सूत्र जव्हार-मोखाड्याला लावून पाहावे. १९९०च्या दशकात कमी वजनाची जन्मलेली मुले आज तिशीत आहेत. वर्षातले काही महिने भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. नागलीच्या भाकरीची जागा पाव, बिस्किटे, पुडीतला कुरकुरीत माल आणि गोड चहा घेत आहे. बालपणीची भूक आणि तरुणपणीचा स्वस्त मैदा अशी दुहेरी मार या पिढीच्या यकृताला बसत असेल का? या प्रश्नाचे उत्तर दंडाच्या पट्टीने मिळणार नाही आणि ‘दारू सोडा’ या फलकानेही नाही. केंद्र सरकारने २०२१मध्ये चरबीयुक्त यकृताचा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. त्या कार्यक्रमाचा रोख साहजिकच मधुमेही आणि स्थूल माणसाकडे आहे. दुर्गम पाड्यावरचा ५० किलोचा मजूर त्यात कुणाच्या डोळ्यांसमोर येणार?

दारूचाही प्रश्न चुंबक सोडवू शकतो, हे विशेष. दारू प्यायल्यावर तिचे एक अवशिष्ट रूप, एथिल ग्लुक्युरोनाइड, लघवीत उतरते आणि ते एनएमआरमध्ये ओळखता येते. म्हणजे जो पितो त्याचे कळेल आणि जो पीत नाही त्याच्यावरचा आळ टळेल.

मग जव्हारने मागायचे काय?

यंत्र नव्हे. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण आपल्याकडे विकास म्हणजे उद्घाटन करता येईल अशी वस्तू. एनएमआरचा चुंबक उणे २६९ अंशांवरच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवावा लागतो. हेलियम भरत राहावे लागते. किंमत कोटींत जाते. चालवायला प्रशिक्षित माणसे लागतात. पावसाळ्यात दरड आणि वीज यांच्या लहरीवर चालणाऱ्या घाटमाथ्यावर असे यंत्र म्हणजे शोभेचा हत्ती. जव्हारच्या पतंगशहा रुग्णालयाला किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयाला त्याची गरज नाही. तिथे गरज डॉक्टरांची, परिचारिकांची, चांगल्या सोनोग्राफीची आणि यकृताच्या साध्या रक्ततपासण्या वेळेवर होण्याची आहे.

प्रवास नमुन्याने करायचा. लघवी आणि रक्तद्रव लगेच गोठवून उणे ८० अंशांवर ठेवले तर ते महिनोन्‌महिने टिकते. त्यासाठी मध्ये एक थांबा लागेल आणि तो जिल्ह्यातच आहे. डहाणूला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेशी जोडलेले आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. जव्हारहून डहाणू, डहाणूहून मुंबई. लस ज्या शिस्तीने पाड्यापर्यंत थंड पोहोचते, त्याच शिस्तीने नमुना उलट दिशेने यायचा. यात अशक्य असे काही नाही. कठीण आहे ते दोन खात्यांना एका टेबलावर बसवणे.

याला एक रास्त आक्षेप आहे. ज्या मुलाला आज अंडे मिळत नाही, त्याच्या लघवीचा वर्णपट काढून काय मिळणार? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर पैशांच्या हिशेबात द्यावे लागेल. आहाराच्या योजनेतला एक रुपयाही संशोधनाकडे वळता कामा नये. संशोधनाचा खर्च संशोधनाच्या निधीतून व्हावा. मुंबईत हे चुंबक आधीच उभे आहेत, त्यांच्यावर प्रथिनांपासून औषधी रेणूंपर्यंत नाना तऱ्हेचे काम चालते. त्यातले काही तास आपल्याच राज्यातल्या कुपोषित मुलांसाठी मागणे ही चैन नव्हे. उलट, कोणत्या मुलाला फक्त आहार पुरेल आणि कोणाला आधी साखर, जंतुसंसर्ग आणि यकृत सांभाळावे लागेल, हे वेळेत ओळखण्याची एखादी स्वस्त खूण यातून हाती लागली, तर अंड्याचाही उपयोग वाढेल. वर्णपटातली शिखरे गावात आणायची नसतात. त्यातून सापडलेली एक साधी पट्टी आणायची असते.

मोह आवरण्याची गरज मात्र आहे. एनएमआरची एक कमजोरी अशी की फार अल्प प्रमाणातले रेणू त्याला ऐकू येत नाहीत. तिथे मास स्पेक्ट्रोमेट्री सरस ठरते. वर्णपटावर मुलाने काल काय खाल्ले, कोणते औषध घेतले, जुलाब होते का, या सगळ्याची छाया पडते. काविळीवर झाडपाल्याचे औषध घेतले असेल तर त्याचीही. ते घेतले असेल तर भगताला हसून आणि आईला रागावून माहिती मिळणार नाही. सरळ विचारावे, तिच्या बोलीत विचारावे. सिकलसेल असलेल्या मुलाचे यकृत वेगळ्या कारणाने दुखावलेले असते, त्याचीही नोंद वेगळी हवी. पाण्याच्या टंचाईच्या महिन्यांत दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिसची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, ती या सगळ्यापासून आधीच बाजूला काढावी लागेल. हे न करता शंभर नमुने गोळा केले तर शंभर सुंदर आलेख मिळतील आणि अर्थ एकाचाही लागणार नाही.

आणि संमती. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आदिवासी समूहांना विशेष संरक्षण द्यायला सांगतात. वारली, कोकणा, ठाकूर किंवा कातकरी आईच्या अंगठ्याचा ठसा घेतला म्हणजे संमती झाली असे नाही. रक्त कशाला हवे, किती हवे, ते कुठे जाणार, नाही म्हटले तर आहार थांबणार नाही ना, हे तिला कळले पाहिजे. निकाल तिच्याकडे परत आला पाहिजे. या भागातून आकडे गोळा करून नेणारे पुष्कळ आले, ते परत येऊन काय सापडले ते सांगत नाहीत, ही तक्रार पाड्यांवर नवी नाही. यकृताच्या अभ्यासाने त्यात भर घालू नये.

शेवटी सगळे येऊन थांबते ते एका बाटलीवर. दोन वर्षांच्या मुलाची लघवी पकडणे हे प्रयोगशाळेतल्या कोणत्याही कामापेक्षा अवघड. बाटलीवर तारीख, वेळ, शेवटचे जेवण कधी आणि काय, जुलाब होते का, एवढे लिहिलेले नसेल तर कुलाब्याच्या चुंबकापुढे ती बाटली मुकी. हे लिहिणार कोण? बहुधा तीच अंगणवाडी सेविका, जी २०२१पासून पोषण ट्रॅकरवरही नोंदी भरते आणि रेंज नसेल तेव्हा टेकडीवर चढून भरते. तेव्हा अशा अभ्यासाचा प्रस्ताव लिहिताना अंदाजपत्रकातली पहिली ओळ हेलियमची नको. सेविकेच्या जादा कामाच्या मोबदल्याची हवी, आणि ती रक्कम तिच्या खात्यात नमुना मुंबईला निघण्याआधी जमा झालेली असावी.